नारळ, गाडी आणि अंदाजपत्रक

नारळाला तीन डोळे असतात, त्यामुळे तो माणूस बघूनच पडतो, अशी आमच्या किनाऱ्यावर पक्की समजूत आहे. त्या भरवशावर पिढ्यान् पिढ्या माणसं माडांखालून निर्धास्त ये-जा करत आली. गाड्यांच्या बाबतीत मात्र नारळाने असा कुठलाही शब्द दिलेला नाही, हे मला गेल्या फेब्रुवारीत एका मंगळवारी पहाटे सव्वापाचला कळलं. मोठा आवाज झाला. बाहेर येऊन बघतो तर बॉनेटला आमटीच्या वाटीएवढा खळगा, आणि शेजारी नारळ शाबूत. आईने तो उचलला, कानाशी धरून हलवला, "पाणी आहे हो चांगलं," म्हणाली आणि आत गेली. दुपारच्या आमटीत तो होता.

विमा कंपनीच्या माणसाने फोनवर विचारलं, "समोरच्या वाहनाचा नंबर?"

"वाहन नाही. माड आहे."

"माड कोणाच्या नावावर आहे?"

"आमच्याच."

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे साहेब, दोन्ही पार्ट्या तुम्हीच."

त्याच संध्याकाळी मी गॅरेज बांधायचं ठरवलं.

इथे माझी पार्श्वभूमी सांगायला हवी. मी एकतीस वर्षं बँकेत होतो, त्यातली बारा कर्ज विभागात. लोक घराची अंदाजपत्रकं घेऊन येत, मी चष्मा नाकावर ओढून ती वाचत असे आणि म्हणत असे, "खर्च वाढेल असं का दाखवलंय? आकडा एकदाच नीट काढता येत नाही का तुम्हाला?" निवृत्त होऊन डोंबिवलीहून गावी आलो तेव्हा तो चष्मा आणि तो तोरा, दोन्ही बरोबर आणले होते. गाव अलिबाग आणि रेवदंडा यांच्या मधलं. घर जुनं, मागे नारळी-पोफळीची वाडी, पुढे अंगण. 'लग्न पाहावं करून, घर पाहावं बांधून' ही म्हण मला ठाऊक होती. पण त्यात गॅरेजचा उल्लेख नाही. त्यामुळे ते काम किरकोळ असावं, असा मी कायदेशीर अर्थ काढला.

पहिली अडचण शब्दाचीच निघाली. 'गॅरेज' या शब्दाचा मराठीत एकच अर्थ आहे: जिथे बिघडलेली गाडी नेतात, जिथला पोरगा काळ्या हाताने बॉनेट उघडून "कोणी हात लावला होता याला?" असं विचारतो, ती जागा. "मी गॅरेज काढतोय," एवढं मी नाक्यावर बोललो आणि दोन दिवसांत सगळ्या गावाला समजलं की बँकवाले काका मेकॅनिक झाले. तिसऱ्या दिवशी सकाळी एक जण स्कूटर ढकलत अंगणात आला. "किक बसत नाय," म्हणाला. मी खुलासा केला, की गॅरेज म्हणजे गाडी ठेवायची खोली. "मंग गोठा बोला ना," म्हणाला आणि स्कूटर ढकलत परत गेला. त्याचंही बरोबर होतं. आमच्याकडे जनावराला गोठा असतो, माणसाला पडवी असते, देवाला देव्हारा असतो. यंत्राला वेगळी खोली ही कल्पना बाहेरून आली आणि येताना स्वतःचा शब्दही घेऊन आली. वाटेत मेकॅनिकने तो पळवला.

मिस्त्री आले. आमच्या भागातले अनुभवी गृहस्थ; निम्म्या गावाची जोती त्यांनी घातलेली. त्यांनी टेप काढला नाही. अंगणात उभे राहिले, डोळे बारीक केले, माडाकडे पाहिलं, मग गाडीकडे, मग माझ्याकडे. सगळ्यात जास्त वेळ माझ्याकडे.

"गारी कवरी हाय?" त्यांनी विचारलं.

"साडेअकरा फूट लांब, पाच फूट रुंद."

"आन पुढं मोठी घेशाल तं?"

"नाही घेणार."

"सगले असाच बोलतात," मिस्त्री म्हणाले, आणि अंगठ्याने जमिनीवर चार रेघा मारल्या. "बारा बाय वीस धरा. लाखभर जातील."

मराठीतला 'भर' हा प्रत्यय फार घातकी आहे. मूठभर, वीतभर, पोटभर म्हणताना मूठ, वीत आणि पोट कोणाचं हे सांगितलेलं नसतं. 'लाखभर'मधला लाख कोणाचा, एवढं मात्र मला स्पष्ट कळलं. तरी मी बँकेचा माणूस. नजरेच्या अंदाजावर मी एक पैसा मंजूर केला नसता. रात्री वही काढली, रूळ घेतला, आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'अंदाजपत्रक'. खाली रकाने आखले: बाब, परिमाण, दर, रक्कम. सगळ्यात शेवटी, दुहेरी रेघेखाली, ठळक अक्षरात: 'एकूण'.

आतल्या मापाने बारा गुणिले वीस, म्हणजे २४० चौरस फूट. पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून जोतं दीड फूट उंच. त्यासाठी मुरुमाचा भराव ३६० घनफूट, म्हणजे ३.६ ब्रास. मिस्त्री म्हणाले पाच. मी म्हटलं गणित ३.६ सांगतं. ते म्हणाले, गणितावर धुम्मस मारून बघा, किती बसतं ते. मी पाच लिहिले. वरती चार इंच काँक्रीट, ८० घनफूट, पाऊण ब्रासच्या किंचित वर. तीन बाजूंना भिंती: वीस, वीस आणि बारा मिळून ५२ फूट, उंची नऊ, म्हणजे ४६८ चौरस फूट. आम्हाला मिळणारा जांभ्याचा चिरा चौदा इंच लांब आणि सात इंच उंच, म्हणजे ७०० च्या आसपास चिरे, शिवाय फूटतूट.

इथे ब्रास या परिमाणाबद्दल दोन शब्द. रेती, खडी, मुरूम यांचा ब्रास म्हणजे १०० घनफूट. गिलाव्याचा ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. शब्द एक, मापं दोन, आणि पितळेशी संबंध दोघांचाही नाही. मी एका रात्रीत सगळा गिलावा घनफुटांत काढला आणि माझ्या हिशेबाने गॅरेजच्या भिंतींवर फूटभर जाडीचं प्लास्टर चढलं. सकाळी मिस्त्रींनी वही पाहिली. काही बोलले नाहीत. फक्त शेजारच्या बिगाऱ्याला बोलावून दाखवली.

दुरुस्त करून एकूण आलं १ लाख ३८ हजार. मी सही केली. पुढे तीन महिने ती सही त्या पानावर हास्यास्पद होत गेली.

पहिला घाव समुद्राने घातला. मी लिहिलं होतं: लोखंडी खांब, लोखंडी कैच्या, लोखंडी शटर. मिस्त्री म्हणाले, "लोखंड खाऱ्या वाऱ्यात टिकत नाय." हे मला माहीत असायला हवं होतं. आमच्याकडे फाटकाची कडी तीन पावसाळ्यांत कुरकुरीत होते. बिजागरी हातात येते आणि बोटांत तिचा चुरा होतो. मग रेड ऑक्साईडचे दोन हात, वर रंगाचे दोन हात, जस्ताचा मुलामा दिलेले पत्रे असं सगळं वाढलं. खाडीची रेती स्वस्त पडते असं कोणी सुचवलं, तर मिस्त्रींनी कानाला हात लावला. रेतीत मीठ राहिलं की आतल्या सळया गंजून फुगतात आणि काँक्रीट आतून फोडतात. म्हणजे बाहेरून येणारा खारा वारा कमी होता म्हणून की काय, आपण पैसे देऊन मीठ आत भरायचं. क्रश सँड लिहिली. रक्कम वाढली.

अशा वेळी मला अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेचा हेवा वाटतो. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी आधी मुंबईला, कुलाब्याच्या वेधशाळेत होत. शहरात विजेच्या ट्राम येणार असं ठरलं तेव्हा त्या विजेने नोंदी बिघडणार, हे उघड होतं. संचालक नानाभॉय फ्रामजी मूस यांनी अलिबागची जागा निवडली, आणि १९०४ पासून इथे नोंदी सुरू झाल्या. त्या इमारतीसाठी पारखून पोरबंदरी दगड आणला आणि लोखंडाच्या जागी तांबं-पितळ वापरलं. विज्ञानासाठी केलं हे, पण गंजाचा प्रश्नच मुळातून निकालात निघाला. तिथला ब्रास खरोखरच पितळेचा. मी हे मिस्त्रींना उत्साहाने सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तेंना गारी ठेवाची होती काय आत?" बिनलोखंडी खोलीत टनभर लोखंड नेऊन ठेवायचं, यातली विसंगती माझ्या लक्षात आली नव्हती.

मग मी मुरूडसमोरच्या पद्मदुर्गाचा दाखला दिला. तिथे भर समुद्रात तटाचे दगड लाटांनी खाऊन मधाच्या पोळ्यासारखे झालेत, पण दोन दगडांमधला चुना जसाच्या तसा उभा आहे. दगड झिजला आणि सांधा राहिला. "असं काम हवं," मी म्हटलं.

मिस्त्रींनी तंबाखू मळत उत्तर दिलं, "तवा पैसं येलेवर मिलत असतील."

मी गप्प बसलो. कारण मिळत नव्हते. पद्मदुर्गाच्या कामावर असलेल्या आरमाराला पैसा आणि धान्य वेळेवर पोचवलं नाही म्हणून शिवाजी महाराजांनी प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याला १६७५ च्या जानेवारीत पाठवलेलं खरमरीत पत्र प्रसिद्ध आहे. या किनाऱ्यावर बांधकाम आणि थकलेली रक्कम यांचं नातं निदान साडेतीनशे वर्षांचं आहे, हे मी मिस्त्रींना सांगितलं नाही. त्यांच्या हाती ऐतिहासिक पुरावा देणं मला परवडणारं नव्हतं.

दुसरा घाव वाऱ्याने घातला. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आमच्या जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आलं. ताशी शंभर किलोमीटरच्या वर वारा. पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या मोडल्या, आणि पत्रे गावभर फिरायला गेले. पुढचा आठवडा जो तो आपापले पत्रे शोधत हिंडत होता, जत्रेत हरवलेली पोरं ओळखावी तसा. "हा आमचा नाय, आमच्याला कोपऱ्यात भोक होतं." आमच्या न्हाणीघराचा पत्रा तिसऱ्या वाडीत सापडला, आणि आमच्या विहिरीवर ज्याचा पत्रा येऊन बसला होता ते गृहस्थ पुढे दोन वर्षं मला भेटले की आधी विहिरीची चौकशी करत.

तेव्हापासून पत्र्याचा विषय निघाला की आमच्याकडे दर विचारण्याआधी 'धरलाय कशाने' हे विचारतात. मिस्त्रींनी कैच्या दोनाच्या चार केल्या, खांब खाली तीन फूट गाडले, हुकांची संख्या दुप्पट केली. मी म्हटलं, "हे जरा जास्त होतंय." ते म्हणाले, "काका, पत्रा तुमचा रहाला पायजे ना? का शेजाऱ्याचं गॅरेज करताव?" एकूण झालं २ लाख ३५ हजार.

याच सुमारास गाडीच्या विम्याचं नूतनीकरण आलं. गाडीची घोषित किंमत: १ लाख ८४ हजार. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, तो मसाला कसा दिसतो ते मला पहिल्यांदा दोन कागदांवर शेजारी शेजारी दिसलं. त्यातही कोंबडीची किंमत दरवर्षी उतरते आणि मसाल्याची चढते. बायको म्हणाली, "अहो, त्यापेक्षा माड तोडा." आईने आतून ऐकलं. आमच्या घरात त्या दिवशी चहा झाला नाही.

तिसरा घाव कायद्याचा. ओळखीच्या एका इंजिनिअरने विचारलं, "सीआरझेडमध्ये येतं का?" किनारी नियमन क्षेत्राचा कायदा १९९१ पासून आहे, भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरपर्यंत त्याचा अंमल. २०११ च्या अधिसूचनेत गावांच्या किनाऱ्याला पहिल्या २०० मीटरचा बांधकामबंदीचा पट्टा होता. मग २०१९ ची अधिसूचना आली. तिच्यानुसार २०११ च्या जनगणनेत दर चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त वस्ती असेल, तर हा पट्टा ५० मीटर. नाही तर तो २०० चाच. २१६१ हा आकडा मी बराच वेळ बघत बसलो. २१६० माणसं असतील तर समुद्र दोनशे मीटरवर थांबवायचा, आणखी एक-दोन जन्मली की पन्नासवर. जनगणना फेब्रुवारीत होते हा आमच्यावर अन्यायच आहे. गणपतीत केली असती तर एकट्या आमच्या घराने आकडा पार केला असता.

आमचं घर रेषेपासून किती लांब आहे ते मी पावलांनी मोजलं. जाताना ४१० पावलं भरली, येताना ३७५, कारण येताना भूक लागली होती. इंजिनिअर म्हणाला, पावलं चालत नाहीत, नकाशा लागतो. नकाशात आम्ही बंदीच्या पट्ट्यापलीकडे निघालो, पण ५०० मीटरच्या आत. म्हणजे बांधता येईल, परवानगीचे कागद वाढतील. या सगळ्यातून मला एक गोष्ट उमगली. समुद्र दरवर्षी थोडा पुढे येतो आणि कायदा दर काही वर्षांनी थोडा मागे सरतो. एक दिवस दोघांची आमच्या अंगणात गाठ पडणार, आणि तेव्हा गाडी गॅरेजात असेल की नाही याला फारसं महत्त्व उरणार नाही.

आता घरच्यांकडे येतो. गॅरेज वीस फूट, गाडी साडेअकरा. उरले साडेआठ फूट. ही शिल्लक मी कोणाला सांगितली नव्हती, पण वही ओटीवर राहिली, आणि आमच्या घरात वही ओटीवर राहणं म्हणजे दवंडी पिटणं.

आईने मागच्या भिंतीला फळी मागितली, नारळ आणि सुपारीसाठी. मग कैच्यांना आकडे मागितले, पांढऱ्या कांद्याच्या वेण्या टांगायला. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला आता भौगोलिक मानांकन आहे, तो काही जमिनीवर लोळवायची वस्तू नव्हे. बायकोने कोपऱ्यात पाण्याचा नळ आणि मोरी मागितली. मासे साफ करायला घरात नको, म्हणाली. मांजरांनी लेखी काही मागितलं नाही, पण मोरीच्या बातमीनंतर त्यांचं अंगणातलं येणं वाढलं. पुतण्या पुण्याहून आला होता. त्याने एक विजेची जोडणी, एक टेबल आणि वेगवान इंटरनेट मागितलं. "काका, ह्यूलेट आणि पॅकार्ड यांनी १९३९ साली पालो आल्टोच्या एका गॅरेजातून कंपनी काढली. बारा बाय अठराचं होतं फक्त. आपलं तर दोन फूट जास्त आहे." मी म्हटलं, त्यांच्या गॅरेजात वर कांदे टांगलेले नव्हते. तो म्हणाला, त्यामुळेच त्यांना इतकी वर्षं लागली.

राहता राहिली भाऊबंदकी. अंगण सात-बाऱ्यावर सामायिक आहे. नावं अकरा, त्यातले दोघे वारलेले आणि एक जण १९७८ साली बडोद्याला गेलेला, तो दिवाळीला फोन करतो. सगळ्यांची संमती घ्यायला मी निघालो. बोरिवलीचा चुलतभाऊ फार प्रेमाने बोलला. "अरे, बांध ना! विचारायचं काय त्यात? फक्त थोडं मोठं बांध. आम्ही आता गाडी घेऊनच येतो." भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट २०२० साली सुरू झाली तेव्हा आम्हाला वाटलं होतं, मुंबई जवळ आली. प्रत्यक्षात मुंबईकर जवळ आले, तेही गाडीसकट. त्याची गाडी साडेपंधरा फूट लांब. उंचीही जास्त. म्हणजे रुंदी बावीस फूट, दोन शटर, छप्पर दहा फुटांवर. मी खर्चाची विभागणी सुचवली. तो हसला. "मी काय अलिबागहून आलोय?" म्हणाला.

हे वाक्य वापरायला बंदी घालावी म्हणून २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाली होती, आणि न्यायालयाने ती फेटाळली. विनोद मनावर घेऊ नये, असा एकंदर सूर होता. मला तो निकाल तेव्हा पटला होता. या फोननंतर अपील करावंसं वाटलं.

एकूण: ४ लाख १२ हजार. जपानात १९६२ पासून कायदा आहे म्हणे, गाडी ठेवायला जागा असल्याचा दाखला दाखवल्याशिवाय गाडी नावावर होत नाही. आधी मला तो जाच वाटायचा. आता वाटतं, ही माणसं दूरदर्शी आहेत. गॅरेजचा अंदाज आधी काढायला लावला की निम्मे लोक गाडीचा नाद आपोआप सोडत असतील.

मे महिना आला. अंदाजपत्रकाची ही सातवी आवृत्ती होती आणि अंगणात अजून मिस्त्रींच्या अंगठ्याने मारलेल्या रेघाच होत्या. सात-बाऱ्याचा जुना उतारा शोधायला मी माळ्यावरची ट्रंक उघडली, तर त्यात आजोबांची वही निघाली. लाल कापडाची, आडवी, कडा वाळवीने कुरतडलेल्या. मधल्या एका पानावर मोडीवळणाच्या देवनागरीत शीर्षक होतं: 'गाडीचा मांडव.' मी सरसावून बसलो. आमच्या घरात गॅरेजचं अंदाजपत्रक आधीच झालेलं होतं!

गाडी अर्थातच बैलांची. साल शके १८७८, महिना वैशाख. नोंदी अशा: मेढी सहा, वाडीतल्या. पोफळीचे वासे, वाडीतले. झाप दोनशे, घरी विणलेले. सुंभ, विकत. गडी दोन, दिवस दोन, मजुरी भात. गूळ आणि चहा. शेवटी किरकोळ रक्कम, तीही सुंभाची आणि चहाची. मी बँकेच्या सवयीने दुहेरी रेघ शोधली. नव्हती. 'एकूण' हा शब्दच नव्हता. त्या जागी लिहिलं होतं: 'यंदा.'

पान उलटलं. शके १८७९, वैशाख. पुन्हा गाडीचा मांडव. झाप एकशे सत्तर. मेढी दोन बदलल्या. यंदा अमुक. शके १८८०. झाप दोनशे वीस, 'वारा फार झाला'. यंदा तमुक. अशी तेरा पानं. चौदाव्या वर्षी बैल विकले, त्याची नोंद आहे, आणि त्याही वर्षी मांडव शाकारलेला आहे. गाडी नव्हती तरी.

बारा वर्षं लोकांची अंदाजपत्रकं नापास केलेला मी, त्या माळ्यावर, मांडी घालून, आजोबांपुढे नापास झालो. आमच्या लोकांनी वर्षानुवर्षं वैशाखात घर शाकारलं; कौलं उतरवली, फुटकी बदलली, पुन्हा चढवली. दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस जिथे चार महिन्यांत पडतो, तिथे छप्पर 'बांधून झालं' असं कोणी म्हणत नसे. ते यंदापुरतं झालेलं असे. पाऊस, वारा आणि मीठ हे तिघे या किनाऱ्याचे मूळ मालक. आपण कूळ. कुळाने मालकाला वर्षाचा खंड द्यायचा असतो, आणि मी मात्र सात आवृत्त्या काढून त्या तिघांचं एकरकमी देणं भागवायला निघालो होतो. लोखंड वाढवा, कैच्या वाढवा, रंगाचे हात वाढवा, पण एकदाच काय ते सांगा! ते सांगत नव्हते, म्हणून आकडा वाढत होता.

संध्याकाळी मिस्त्रींना बोलावलं. म्हटलं, "भिंती नकोत. शटर नको. सहा खांब, वर छप्पर, खाली कोबा. एकच गाडी, आमची. बोरिवलीची गाडी माडाखाली राहील."

"खांब कसलं?"

"तुम्ही सांगा. पण लोखंडी असले तर दर वैशाखात तुम्ही येणार, खरवडणार, रंग देणार, हुक तपासणार. त्याचं काय घ्याल ते सांगा."

मिस्त्री पहिल्यांदाच खाली बसले. इतक्या वर्षांत कोणी त्यांना पुढच्या वर्षाचं विचारलं नव्हतं बहुतेक. त्यांनी तंबाखूची पुडी परत खिशात ठेवली आणि टेप काढला. चक्क मोजलं. माडाकडे मात्र त्यांनी पुन्हा नजरेनेच पाहिलं.

"आन ह्यो?"

"त्याचे नारळ दर तीन महिन्यांनी उतरवायचे. पाडेकऱ्याची मजुरी वेगळी लिहिलीय."

आई ओटीवरून म्हणाली, "कांद्याचे आकडे?"

"लिहिलेत," मी म्हटलं. छप्पर असलं की आकडे आलेच.

मिस्त्रींनी वही हातात घेतली, बोट फिरवत शेवटच्या ओळीवर आले आणि थांबले. दुहेरी रेघ तशीच होती, पण तिच्याखालचा 'एकूण' मी खोडला होता. त्यांनी वरचा नवा शब्द दोनदा वाचला, आकडा एकदाच. मग म्हणाले, "ह्यात दोन हजार कमी हाईत. पन चालतील. पुढल्या वर्साला बगू."

पावसाच्या आधी आठ दिवस छप्पर चढलं. पहिल्या रात्री त्यावर नारळ पडला, आणि आवाज पूर्वीपेक्षा मोठा झाला.